वगळलेली चार पानं

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात आईच्या गळ्यातल्या गाठीत सुई घालून तपासणीसाठी नमुना घेतला. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच आटोपली होती, म्हणून मी घरीच होते. सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच. बाबा स्टील प्लांटमधून सुट्टी घेऊन काळा चष्मा लावून दिवाणावर बसलेले, आणि आई गळ्याला पदर गुंडाळून स्वयंपाकघरात.

डॉक्टरांनी बाबांना महिनाभर वाचायला मनाई केली होती. पेपर त्यांनी सोडला, पण कपाटातलं एक जाड चरित्र त्यांना सोडवेना. देशातल्या एका मोठ्या नेत्याचं चरित्र होतं ते. गोंदियाकडचं गाव सोडून बाबा भिलाईला नोकरीला आले, तेव्हा पेटीत हे पुस्तक होतं. त्या नेत्याचं भाषण ऐकून आलेल्या कुणीतरी समजावलं, म्हणून आजोबांनी बाबांना शाळेत घातलं होतं. आदरापोटी बाबा त्या नेत्याचं नावही घेत नसत. नुसतं 'ते' म्हणायचे, आणि 'ते' म्हणजे कोण हे आम्हाला कळायचं.

"तू वाच, मी ऐकतो," बाबा म्हणाले.

मी हिंदी शाळेत शिकलेली. अक्षरं तीच, पण पुस्तकातलं मराठी आमच्या घरातल्या मराठीसारखं नव्हतं. मी अडखळायचे, बाबा डोळे मिटून शब्द दुरुस्त करायचे. रोज दुपारी कूलरसमोर तासभर असं चालायचं. मला ते बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ गाठीचा विषय निघत नसे.

आठव्या दिवशी मी आईचा रिपोर्ट आणायला स्कूटी काढून सुपेल्याला लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईने रजिस्टर बघितलं, आत जाऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर साहब स्लाइड दोबारा देखेंगे. परसों आइए."

"दोबारा क्यों?"

"वो तो वही बताएंगे."

परत येताना चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी उभीच राहिले. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा भानावर आले. घरी सांगितलं, मशीन बंद आहे, परवा बोलावलंय. आईने मान हलवली. बाबा म्हणाले, "चल, वाचायला बस."

अडखळू नये म्हणून मी पुढची पानं आधी वाचून ठेवायचे. त्या दिवशी आंघोळीला जायच्या आधी वाचली होती, तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. आता पुस्तक उघडलं आणि तीच पानं समोर आली. त्यात 'त्यां'ची बायको आजारी पडते. ते दौऱ्यावर असतात, पत्रं येतात, ते निघतात, तोवर उशीर झालेला असतो. चार पानं होती. मी आधीचं प्रकरण संपवलं, ती पानं एकदम उलटली आणि सभेच्या वर्णनापासून पुढे सुरू केलं.

"थांब," बाबा म्हणाले. "मधलं कावून सोडलं?"

"काही नाही सोडलं."

"बेटा, हे पुस्तक मी कितीदा वाचलं असंन. तिथं सभा नाही येत."

तेवढ्यात आई दारात आली. हाताला पीठ लागलेलं होतं.

"काय हाय त्यात?" तिने विचारलं.

मग बाबाच म्हणाले, "त्यांच्या घरच्या वारल्या, ते हाय."

"मग वाच ना. मले ऐकू दे." ती खाली भिंतीला टेकून बसली.

मी वाचलं. दोनदा अडखळले, पण कुणी टोकलं नाही. संपल्यावर आईने विचारलं, "तिले झालं काय होतं?"

मी पानं पुन्हा चाळली. "आजारी होत्या, एवढंच लिहिलंय."

"इतकं मोठं पुस्तक," आई म्हणाली, "अन् बाईले झालं काय, ते कोणी लिहिलं नाही."

बाबांनी काळा चष्मा काढला आणि आईकडे बघितलं. मग म्हणाले, "तुही गाठ दुखते का?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. दवाखान्यात नेलं, रांगेत उभे राहिले, डॉक्टरांशी बोलले, पण तिला विचारलं नव्हतं.

"गिळताना दुखते," आई म्हणाली. "अन् भेव वाटते."

"मले बी वाटून राहिलं," बाबा म्हणाले.

मग मीही सांगून टाकलं की मशीन बंद नव्हतं, स्लाइड पुन्हा बघताहेत. आई रागावली नाही. परवा आपणही येणार, एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षाने लॅबमध्ये गेलो. पाकीट हातात आलं तेव्हा मला त्यातलं इंग्रजी नीट वाचवेना, एकच ओळ मी परत परत वाचत होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नमुना थोडा होता म्हणून दोनदा बघितला, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. थायरॉईडची गोळी रोज घ्यायची आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. बाहेर आल्यावर बाबा पायरीवर बसले ते लवकर उठेनात. आईच त्यांना हाताला धरून रिक्षाकडे घेऊन आली.

त्या वर्षी मराठी मंडळात 'त्यां'च्या जयंतीच्या कार्यक्रमात बाबा बोलायला उभे राहिले. दरवर्षी ते शिक्षणावर आणि देशासाठी केलेल्या त्यागावर बोलत. या वेळी सुरुवातच त्यांनी 'त्यां'च्या पत्नीपासून केली. घर कुणी चालवलं, मुलांना कुणी वाढवलं, पत्रं लिहिताना तिला काय वाटलं असेल, हे ते थांबत थांबत सांगत होते. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी मागे बायकांमध्ये आईशेजारी बसले होते.

"लई लांबवून राहिले," आई हळूच म्हणाली. पण चहा घ्यायला उठलेल्या शेजारणीला तिने हात धरून खाली बसवलं.