उकिरड्यावरचा मोंडकर

घाटकोपरच्या भटवाडीत पोस्टमनला एखादं नाव अडलं, की तो इकडेतिकडे न विचारता विमलाबाई मोंडकरांच्या दारात यायचा. “चंद्रप्रकाश तावडे कोण?” अख्खी चाळ एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. विमलाबाई तांदूळ निवडता निवडता सांगायच्या, “तिसऱ्या खोलीतला बाबल्या. बारशानंतर त्या नावाने त्याच्या आईनेसुद्धा त्याला हाक मारली नसेल.” बावीस वर्षं त्यांनी म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया म्हणून काढली होती. कागदावर एक नाव असतं आणि पोर वाढतं भलत्याच नावाने, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चाळीत कुणाचं टोपणनाव कशावरून पडलं, हेही त्यांना पाठ. म्हणून तर काही मंडळी त्यांना बघून जिना बदलायची.

शहाऐंशी सालची गोष्ट. त्यांचे यजमान गुणाजी एका रविवारी भरलं ताट पुढ्यात ठेवून नुसते बसून राहिले. गिरणी कायमची बंद झाली त्या दिवशीसुद्धा हा माणूस दोन वेळा आमटी मागून जेवला होता. विमलाबाईंनी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

झालं होतं असं, की मुलुंडचा नंदकिशोर मोंडकर, बँकेतला मोठा साहेब, घराण्याचा इतिहास छापणार होता. कच्ची प्रत त्याने सगळ्या भावकीत वाचायला पाठवली होती. तिच्यात गुणाजींच्या आजोबांबद्दल एकच ओळ होती : ‘धोंडू. उकिरड्यावर सापडलेला मुलगा. घरात वाढवला. रक्ताचा संबंध नाही.’

“ल्हानपणी भावकीतली पोरां माका ह्याच बोलान चिडवीत,” गुणाजी म्हणाले. “आता पुस्तकात छापून येतला.”

“येतला कसा? मी बघते ना!” विमलाबाईंनी पदर खोचला. प्रत मंगळवारी छापखान्यात जायची होती. तासाभरात नवराबायको मुलुंडच्या बसमध्ये होती.

दार नंदकिशोरच्या आईने, सुनंदाबाईंनी उघडलं. “जाऊबाई,” विमलाबाई चपला काढत म्हणाल्या, “चहात साखर बेताची घाला. तुमच्या लेकाला दोन गोड शब्द ऐकवायचेत, तेवढं गोड पुरे.”

‘जाऊबाई’ ऐकून नंदकिशोरच्या कपाळाला आठी पडली. जे नातं त्याने टंकलेखन करून रद्द केलं होतं, ते ही बाई उंबरठ्यावरच वसूल करत होती.

“काकू, मी पुराव्याशिवाय लिहीत नाही,” तो म्हणाला. “गावातले चार म्हातारे सांगतात. पोर उकिरड्यावरून उचललं आणि सूपभर तांदूळ देऊन विकत घेतलं.”

“बरोबर सांगतात.”

गुणाजींनी दचकून बायकोकडे पाहिलं.

“पण उकिरड्यावर ठेवलं कोणी, हे विचारलंस?”

“टाकून जाणारी बाई काय पत्ता ठेवून जाते?”

“पोथी काढ.”

गावच्या घरातली जुनी पोथी नंदकिशोरने मिळवली होती, हे त्याने कच्च्या प्रतीतच लिहिलं होतं. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेले होते. तो वाचू लागला. धोंडूला वाढवणाऱ्या जोडप्याचा पहिला मुलगा बारा दिवसांत गेला. दुसरा महिन्याने. तिसरा वासुदेव, चैत्रात जन्मला.

“पुढे?”

“पुढे त्याच्याबद्दल काहीच नाही. मी ‘माहिती मिळत नाही’ असं लिहिलंय.”

“मेल्याची नोंद?”

“नाही.”

“आणि धोंडूची?”

“लग्नाची आहे. मृत्यूची आहे.”

“जन्माची?”

नंदकिशोरने पान उलटलं, परत पालटलं.

“म्हणजे एक जन्मला तो मेला नाही आणि दुसरा मेला तो जन्मलाच नव्हता! तुमच्या बँकेत असं चालतं का रे?” विमलाबाई आता रंगात आल्या. “अरे, दोन पोरं गेली की तिसऱ्याला आईच उकिरड्यावर ठेवते. शेजारीण उचलते. मग आई सूपभर तांदूळ देऊन आपलंच पोर तिच्याकडून विकत घेते. यमाला वाटावं, हा कुणाला नको असलेला दगडधोंडा, कशाला न्या? त्यानंतर त्याला वासुदेव म्हणायची कुणाची छाती? धोंडूच म्हणायचं!”

“हे तुमचं म्हणणं झालं, काकू. मी असं कधी ऐकलेलं नाही.”

“ऐकशील कसा?” सुनंदाबाईंनी चहाचा ट्रे ठेवला. “तुला कधी सांगितलंच नाही. तुझ्या आधीची दोघं माझ्या मांडीवर गेली. तेव्हा आम्ही परळच्या चाळीत. उकिरडा कुठून आणणार? म्युनिसिपालिटीच्या कचरापेटीपाशी ठेवलं तुला. खालच्या जयाने उचललं. तिलाही मी तांदूळच दिले. पाच वर्षांचा होईस्तोवर तू दगडू होतास.”

“कचरापेटीपाशी?” साहेबांचा आवाज बारीक झाला.

“पाशी रे, आत नाही. माझ्या चांगल्या लुगड्यात गुंडाळून.”

एवढी आयती फुलटॉस विमलाबाईंनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. पण त्यांना गुणाजी अजून त्या कच्च्या प्रतीकडेच बघताना दिसले. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि नंदकिशोरच्या हातात दिलं.

“आधी ती ओळ खोड.”

त्याने खोडली. एकदा नाही, दोनदा रेघ मारली. वर लिहिलं, ‘वासुदेव ऊर्फ धोंडू. तिसरा मुलगा.’

“वाचून दाखव,” गुणाजी म्हणाले.

त्याने वाचलं.

“परत वाच.”

त्याने परत वाचलं. मग गुणाजींनी कागद स्वतःकडे ओढला आणि प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत, गावच्या शाळेतल्यासारखं, मोठ्याने म्हटलं.

“आता त्याच्याखाली ह्यांचे वडील,” विमलाबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. “त्यांच्याखाली हे. मग आमची तीन मुलं. आणि सुनांची माहेरची नावंही लिही, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यांनाही उकिरड्यावरून उचलेल. घे लिहून, सांगते.”

नंदकिशोरने नवा कागद घेतला.