दारात थांबलेला फरारी

लग्न होऊन सुरतेत डिंडोलीला आले तेव्हा मी घरात फारसं बोलत नसे. सासूबाई शेजारणींना सांगत की सून चांगली मिळाली, पण आवाज माहेरीच विसरून आली. खोली एकच. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची मला लाज वाटे.

ह्यांना लुमाच्या खात्यावर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, कायमची रातपाळी होती. टीव्हीवर आठवड्यातून एकदा एक हिंदी मालिका लागायची. खून करून पळालेल्या एका माणसाची गोष्ट होती. ती अर्ध्यावर आली की हे सायकल काढत. सकाळी हे परत येत तेव्हा सासूबाई पाण्यासाठी नळावर गेलेल्या असत. मी चहा ठेवला की हे विचारत, "मंग? पुढे काय व्हयनं?"

मी स्टोकडे तोंड करून सांगू लागले. आधी दोन वाक्यं, मग चार. पुढे पुढे तर पोलिसांचा आवाजही काढायला लागले. एक भाग मी तीन-तीन दिवस पुरवायची. आमचा संसार खरं तर त्या खुन्यानेच सुरू करून दिला.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. फरारी आपल्या घरी परत येतो, हे सगळ्यांना कळलेलं होतं. मी तो भाग पाहिला आणि मला त्या माणसापेक्षा माझीच काळजी वाटली. आता हे काय विचारणार? आणि मी काय बोलणार?

म्हणून मी त्याला घरात जाऊच दिलं नाही. पहिल्या सकाळी तो फक्त गाडीतून उतरला. दुसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुत्रं भुंकलं. तिसऱ्या सकाळीही ते भुंकतच होतं.

"आज त्याले एक बिस्कुट टाक ना," हे बशीत चहा ओतत म्हणाले.

चौथ्या दिवशी मी त्याला दारापर्यंत आणलं. तो कडी वाजवायला हात उचलतो, पुन्हा खाली घेतो, असं बरंच सांगितलं.

"त्याना पाय दुखतीन व," हे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई हंडा घेऊन दारात उभ्या. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे.

"कितला दिन उभा ठेवशी व त्याले? मायनी जेवाले वाढं, भाऊनी पोलीस आनात, धरी लई गयात. संपनं!"

हंडा खाली ठेवून त्या पदराने तोंड पुसू लागल्या. हे हसले. मी कप विसळायला घेतले. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी नुसती स्टोची फरफर ऐकू यायची.

दिवाळीनंतर ह्यांना दिवसपाळी मिळाली. त्याच वेळेला आता दुसरी मालिका लागू लागली आणि हे घरीच असायचे. पहिल्या भागाला तिघं मिळून बसलो. बरोबर अर्ध्यावर हे उठले आणि चपला घालू लागले.

"आते ते तू घरच शेस, बठ ना!" सासूबाई ओरडल्या.

"तंबाखू लई येस."

ह्यांची तंबाखूची भरलेली पुडी खिडकीतच होती. सासूबाईंनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हंडा घेऊन रोजच्यापेक्षा जरा लवकरच निघाल्या. मी चहा गाळत होते. मागून आवाज आला, "मंग? पुढे काय व्हयनं?"