ताईचे पंधरा गुण

विनिपेगच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या एर्लिंडाला स्वतःचं म्हणून एकच पोर, आणि तेही तिला ताई म्हणतं. आता बोला!

फिलिपिन्समध्ये, बातांगासला घरी असताना, सतराव्या वर्षी तिला दिवस गेले. आईने गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. जोमार झाला, तसा तो आईने स्वतःच्या नावावर लावला आणि आपलाच म्हणून वाढवला. तिकडे असं एखादं पोर बऱ्याच घरांत निघतं, कुणी खोदून विचारत नाही. पुढे कॅनडात कायमचं राहायच्या अर्जाला लागतात ते गुण ती जमवत होती, तेव्हा एजंट म्हणाला, "एकट्या बाईचं लवकर जमतं. पोरबीर नाही ना?"

"छे हो, कुठलं पोर!" एर्लिंडा फटकन बोलून गेली. ते 'छे हो' तिला आजही घशात टोचतं.

यंदा ईस्टरच्या सुमारास आई गेली. जाण्याआधी फोनवर म्हणाली, "आता तरी सांग गं त्याला." एर्लिंडाने मनाशी पक्कं केलं, रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सांगून टाकायचं. फोन लावला, तर जोमारच आधी ओरडला.

"ताई, ऐक ना! माझे गुण जरासे कमी पडतायत. पण तिकडे सख्खी बहीण असली की पंधरा देतात! तू फक्त लिहून दे, बाकीचं मी बघतो."

"आणि... आई असली तर?"

"आईचे काही नाहीत. असं काय विचारतेस? आपली आई तर गेली."

एर्लिंडाने मनातल्या मनात हिशोब मांडला. खरं सांगावं, तर पोराचं येणं बुडालं. मुलगा म्हणून आणायचं त्याचं वय कधीच उलटलेलं. आणि बहीण म्हणून सही करावी, तर तोंड कायमचं शिवायचं, कारण उद्या बिंग फुटलं की त्याची रवानगी परत. तेव्हा स्वतःच्या गुणांसाठी पोर लपवलं, आता पोराच्या गुणांसाठी आई लपवायची. मेलं नशीबच खोटं, ती पुटपुटली. पण नशिबाला कशाला बोल लावायचा? 'कुठलं पोर' म्हणणारं तोंड तिचंच होतं.

सोमवारी शपथेवर सही घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "सख्खा भाऊ?"

"हो. पाठचा." तिने कोट अंगाशी घट्ट ओढून घेतला. बाईंना वाटलं, थंडी वाजतेय. त्यांनी हीटर वाढवला.

काही महिन्यांनी जोमारला बोलावणं आलं. फोनवर तो हसत होता, रडत होता.

"आलो की आधी आईच्या नावाने मिस्सा म्हणवू, ताई. एवढ्या उशिरा मला जन्म दिला बिचारीने! किती सोसलं असेल गं?"

"फार सोसलं रे."

"तू होतीस ना तेव्हा घरात? मी झालो तेव्हा?"

"होते की," एर्लिंडा म्हणाली, आणि भात बघते म्हणून तिने फोन ओट्यावर पालथा घातला.