खडूने लिहिलेलं ‘फायनल’

शेडच्या दारापाशी पोचायच्या आधीच थिनरचा वास आला. माझ्या दोन्ही हातांत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मी तिथंच थांबलो. आज शेडमध्ये थिनरचं काहीच काम नव्हतं. सगळं काम आदल्या दिवशीच संपलं होतं.

आत गेलो. शरणप्पा स्प्रे गन धूत होता. त्याच्या मागे भिंतीला टेकून माझं चित्र उभं होतं, दहा फूट लांब आणि सहा फूट उंच. ते पूर्ण राखाडी झालं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं गुळगुळीत. रंगाचा कोट म्हणाल तर एकदम फर्स्ट क्लास!

"बघ अण्णा," शरणप्पा खुशीत म्हणाला, "एक बी ओघळ न्हाई. तू येईपर्यंत फायनल मारून टाकलो."

खुर्च्या हातातून कधी पडल्या ते मला कळलं नाही.

थोडं मागचं सांगतो. मी माणिक. सरकारी बसच्या डेपोत बावीस वर्षं पेंटर होतो. शरणप्पा माझ्याच सेक्शनला, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आमचं काम सरळ होतं. बस कुठेतरी घासून यायची, पत्रा चेपायचा. डेंटर तो ठोकून सरळ करायचा. मग आम्ही जुना रंग घासायचो, खड्ड्यात लांबी भरायचो, म्हणजे तुम्ही भिंतीला पुट्टी म्हणता ती, वर प्राइमर मारायचो आणि शेवटी फायनल कोट.

गंमत असते ती घासण्यात. जुन्या बसवर रंगाचे आठ-दहा थर असतात. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर फिरवला की एकेक थर उघडा पडतो. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी रंगांची कडी दिसायला लागतात. आत लाल, त्याभोवती पिवळा, मग कधीचा तरी निळा. एकदा एका बसच्या कुशीवर असं काही उमटलं की मी कागद हातात धरून नुसता बघत उभा राहिलो.

फोरमन साहेब मागून आले. "माणिकराव, काय बघायलाव? गाडी सहाला उदगीरला जायची हाय."

"साहेब, हे असंच ठेवलं तर?"

"असंच म्हंजे?"

"म्हंजे, झालंय की हे."

साहेबांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मी लांबी भरली आणि बस सहाला उदगीरला गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती काही गेली नाही. सात वर्षं ते लाल-पिवळं कडं माझ्याबरोबर जेवलं आणि झोपलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

लोकांनी विचारलं, कामून सोडलास? मी म्हणायचो, चित्रं काढायची आहेत. कसली चित्रं, देवाची का निसर्गाची? मी म्हणायचो, कसलीच नाहीत. त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे.

माझी बायको सुलोचना भालकीला प्राथमिक शाळेत शिकवते. ती एवढंच म्हणाली, "एक वरीस बघा. न्हाई जमलं तर गपगुमान कामाला लागायचं." मी कबूल केलं. खटकचिंचोळीला मेहुण्याची पत्र्याची शेड रिकामी होती, ती घेतली. भंगारात गेलेल्या बसचे पत्रे आणले. त्यातल्या कितीतरी पत्र्यांवर माझा आणि शरणप्पाचाच रंग होता.

माझी पद्धत इतर चित्रकारांच्या उलटी आहे. ते रंग लावत जातात, मी काढत जातो. थोडे नवे थर चढवतो, वाळू देतो आणि मग आठ-आठ दिवस पाण्याने घासतो. यात अवघड काय असेल तर थांबणं. एक हात जास्त फिरला की खालचा पत्रा उघडा पडतो, गेलेला रंग परत येत नाही. बसचं काम कधी संपलं हे फोरमन सांगायचा. इथे सांगायला कोणी नाही. पण तो एक क्षण येतो, छाती धडधडायला लागते, हात आपोआप उचलला जातो. त्या क्षणासाठी मी नोकरी सोडली आणि अजूनही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. हुमनाबादच्या एका बस-बॉडीच्या गॅरेजने मला सुपरवायझर म्हणून बोलावलं. सोमवारी हो की नाही सांगायचं होतं. आणि कलबुर्गीच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी माझा एक छोटा पत्रा बीदरच्या प्रदर्शनात पाहिला. त्या नवीन हॉस्पिटल बांधत होत्या. लॉबीच्या भिंतीला मोठं चित्र हवं होतं. मी या संपत आलेल्या दहा फुटी चित्राचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हेच हवंय. शनिवारी चारला येते, प्रत्यक्ष बघून नक्की करते."

म्हणजे शनिवारी चारला मी चित्रकार ठरणार होतो, नाहीतर सोमवारी सुपरवायझर. तो शनिवार उजाडला होता. मॅडमना बसायला खुर्च्या हव्यात म्हणून मी गावात गेलो होतो. शरणप्पाची सुट्टी होती आणि शेडची एक किल्ली त्याच्याकडे असायची. पत्रे उचलायला तो यायचा, पण माझं चित्र संपतं कुठे ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पत्रा उचलून उजेडात उभा करायला हात लाव, एवढंच मी त्याला फोनवर सांगितलं होतं.

"कामून मारलास?" मी ओरडलो. "कुणी सांगितलं होतं तुला?"

शरणप्पा गोंधळला. "तूच लिवलास की! खाली कोपऱ्यात, खडूनं. तुज्याच अक्षरात. फायनल!"

मी खिशात हात घातला. खडू तिथेच होता.

डेपोत आमची एक पद्धत होती. घासणी झाली, लांबी झाली, प्राइमर झाला की मी पत्रा तपासायचो आणि कोपऱ्यात खडूने लिहायचो, ‘फायनल’. याचा अर्थ, आता शेवटचा कोट मारा. शरणप्पा तो शब्द दिसला की काही न विचारता गन उचलायचा. आदल्या दिवशी चित्र संपलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी खिशातला खडू काढून कोपऱ्यात लिहिलं, ‘फायनल’. माझ्या मनात होतं, झालं, संपलं. त्याला दिसली घासून तयार असलेली बस. फ्रेमसाठी कालवून उरलेला राखाडी रंग बाजूलाच होता. त्याने हुकूम पाळला, एवढंच.

"मला वाटलं प्राइमर मारायचा राहिलाय," तो बारीक आवाजात म्हणाला. "पर तू लिवलास म्हणल्यावर मी कशाला इचारू?"

मग त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पार उतरला. चप्पल घालत म्हणाला, "मी जातो अण्णा. तुजं वाटुळं केलो."

"जातोस कुठं? बादलीत पाणी आण. कागद भिजव."

थिनरने पुसलं असतं तर राखाडीबरोबर खालचे थरही गेले असते. ओल्या रंगावर कागद चालत नाही, तो चिकटतो. दोन तास वाळू देणं भाग होतं. ते दोन तास आम्ही दारात बसून काढले. सुलोचनाने दिलेला डबा तसाच राहिला. साडेबाराला बोटाने टेकून पाहिलं आणि चारशे नंबरचा कागद घेतला. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ.

मी उजव्या बाजूने सुरू केलं, शरणप्पाने डाव्या. तो डावखुरा आहे. माझा हात एका बाजूला तिरका जातो, त्याचा बरोबर दुसऱ्या. राखाडी पाणी खाली ओघळायला लागलं. उंचवट्यावरचा कोट निघत होता, पण जुन्या पोचांत, ओरखड्यांत, पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यांभोवती तो बसून राहिला होता. आधी मी चिडून तिथे जोर करत होतो. मग मधोमध आलो.

तिथे लाल आणि पिवळ्याचा एक मोठा डाग होता. खरं सांगायचं तर तो मला आठ दिवस खुपत होता. फार आरडाओरडा करायचा. पण दुरुस्त करायला हात धजत नव्हता म्हणून मी स्वतःला ‘झालं’ म्हणून समजावलं होतं. आता त्याच्यावर राखाडीचा एक पातळ पडदा राहिला होता आणि त्यातून लाल हळूच वर येत होता. आठ वर्षांपूर्वीचं ते उदगीरच्या गाडीचं कडं! माझी छाती धडधडायला लागली.

"थांब!" मी ओरडलो.

शरणप्पाने पोलीस आल्यासारखे दोन्ही हात वर केले. "आता काय झालं?"

"काय न्हाई. बघ. मागं येऊन बघ!"

तो मागे आला. ओला कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिला. "पहाटं डेपोत धुक्यात गाडी उभी असती, तसं दिसायलंय," तो म्हणाला.

मी त्याला मिठीच मारली. दोघेही राखाडी पाण्याने माखलो. आनंदाच्या भरात मी पुन्हा कागद उचलून पत्र्याकडे निघालो, एका कोपऱ्यात थोडंसं घासायला. शरणप्पाने माझ्या हातातून कागद काढून बादलीत टाकला. "आता हात लावलास तर बिघडतंय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच थांबवलं होतं.

मॅडम चारला दहा मिनिटं असतानाच आल्या. खुर्च्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मोबाईलवरचा फोटो काढून चित्राशेजारी धरला. 

"फोटोत वेगळं होतं," त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम. चूक माजी हाय," शरणप्पा पटकन म्हणाला.

"अक्षर माझं होतं," मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. लपवून करणार काय? आमचे कपडेच सांगत होते.

त्या हसल्या नाहीत. जवळ गेल्या, मागे आल्या, परत जवळ गेल्या. एका रिव्हेटवरून बोट फिरवलं. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "आता झालंय का? का अजून काही मारणार आहात?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो शब्द उच्चारायची माझी तर हिंमत नव्हती.

"झालंय," शरणप्पा म्हणाला.

"मग मंगळवारी टेम्पो पाठवते."

संध्याकाळी सुलोचना आली. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. "आधी असं नव्हतं की हे."

"न्हाई. शरणप्पानं फायनल मारलं."

"बरं केला," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. सोमवारी हुमनाबादला फोन करून मी नाही सांगितलं, तेव्हा तिने माझ्या हातात गरम चहा आणून दिला. त्या वर्षाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

चित्र लॉबीत बसवायला आम्ही दोघे गेलो होतो. भिंतीवर चढवून, स्क्रू आवळून खाली उतरलो. बाजूलाच कॉन्ट्रॅक्टरचे पेंटर शिडीवर होते, हातात रोलर. मी लांब जाऊन पाहिलं. सुरेख दिसत होतं. सवयीने माझा हात खिशात गेला, खडू बाहेर आला आणि मी कोपऱ्याकडे वाकलो. शरणप्पाने मनगट धरलं.

"खडू आत ठेव, अण्णा."

तेव्हापासून चित्र पुरं झालं की मी त्यावर काहीच लिहीत नाही. हात धुतो, शेडला कुलूप लावतो आणि किल्ली माझ्याकडेच ठेवतो. पण कुलूप लावायच्या आधी शरणप्पाला फोन करून बोलावतो, आणि तो ‘झालंय’ म्हणेपर्यंत चित्र झालं असं मानत नाही.