शेवटचा घोट

मंगळवार पेठेतल्या गुत्त्यात तो मला पाचेक वर्षं दिसत होता, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दिवसभर सायकली दुरुस्त करणारा, उतारवयाचा माणूस. संध्याकाळी यायचा, भिंतीकडच्या बाकावर बसायचा आणि काळ्या बोटांनी शेंगदाण्यांची सालं काढत एकच ग्लास तासभर पुरवायचा. काहीही विचारलं तरी आधी "तसं न्हाय की" म्हणायचा आणि मग तेच कबूल करायचा. उठताना मात्र ग्लासात एक घोट ठेवायचा.

त्या घोटानं मला छळलं, कारण माझे वडील, आमचे आबाही तसंच करायचे. शाळामास्तर माणूस, रोज चहाचा शेवटचा घोट कपात ठेवायचे. आई वैतागली की म्हणायचे, "शेवटचा घोट आपला नसतो." म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला आबाही नव्हते.

एकदा न राहवून मी त्यालाच विचारलं, "मिस्त्री, ह्यो घोट का ठेवताय?"

"तसं न्हाय की," तो म्हणाला. "त्यो घेतला की दुसरा गलास मागावासा वाटतोय. तुमच्या आबांनी शिकिवलंय, तोंडावळ्यावरनंच वळाकलंय तुमास्नी. ह्याच बाकावर बसायचं ते, तुमच्या जन्माआदी."

आमच्या घरात दारूचं नावही निघत नसे. मी काही बोलणार, तर त्याचं लक्ष माझ्या रिकाम्या ग्लासाकडं होतं. दुसरा मागवायला वर गेलेला माझा हात त्यानं धरला आणि हळूच बाकावर ठेवला.