आत्याची सरळ गोळी

गावच्या शेजारणीचा, वासंतीचा फोन आला तेव्हा मी पनवेलला गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "ताई, काकी गेल्या... चहा पिता पिता गेल्या," एवढंच ती बोलू शकली. तिची काकी म्हणजे माझी यमुनाआत्या, दिवेआगरच्या आमच्या सुपारीच्या वाडीची राखणदार. महिना उलटला, आता कुठे लिहायला हात उचलतोय.

आत्याचे यजमान, आमचे काका गेल्यावर परवाना संपला आणि त्यांची ठासणीची बंदूक घरातून जायची होती. आत्याने खटपट करून पिकाच्या राखणीचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. गावातले बाकीचे बंदूकवाले नळीत मूठभर छर्रे भरून बार काढायचे. डुक्कर पळायचं, पण जखमी होऊन. आत्याला ते पटायचं नाही. "मारायचं तर एका बारात, न्हायतर हात लावू नये," ती म्हणायची. म्हणून ती एकच गोल गोळी घालायची. पण या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, रायफलसारखे आटे नाहीत, त्यामुळे गोळी भरकटते. ती सरळ जावी म्हणून आत्याने वर्षं घालवली. कोळणींकडून फाटक्या जाळ्यांचं शिसं आणायचं, अंगणातल्या चुलीवर वितळवून साच्यात ओतायचं. गार झालेली गोळी पाटावरून घरंगळत सोडायची. जरा वाकडी गेली की पुन्हा चुलीवर! जमलेली गोळी खोबरेल लावलेल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून नळीत घट्ट बसवायची. मातीच्या बांधासमोर करवंटी टांगून ती नेम बघायची, आणि करवंटी फुटली की आम्हा भाचरांकडे वळून नुसती भुवई उडवायची.

मग एका वर्षी वादळाने वाडी झोपवली. नव्याने लावलेली सुपारीची रोपं डुकरं उकरू लागली, तशी गावात छऱ्यांची बरसात सुरू झाली. त्यातच जखमी होऊन बिथरलेल्या एका डुकराने वासंतीच्या नवऱ्याची मांडी फाडली. तो दवाखान्यात पडला. वनखात्याने डुकराला मारायची परवानगी दिली आणि वनरक्षक आत्याला न्यायला आला. मी तेव्हा आत्याकडेच आले होते, मीही मागोमाग गेले. वासंतीच्या वाडीत पोचलो तर ती पंपाच्या खोलीत अडकलेली, दाराला कडी नाही, आणि डुक्कर बरोबर दारासमोर. आत्याने बंदूक खांद्याला लावली... आणि खाली घेतली.

"काकी, मारा ना!" वनरक्षक ओरडला.

"त्याच्या मागं वासंती हाय."

पोफळींच्या आडून वाकत ती बाजूला सरकत गेली, डुकराच्या मागे नुसता मातीचा बांध येईपर्यंत. तेवढ्यात त्याने तिला पाहिलं. ते धावत सुटलं. आत्या हलली नाही. एक बार... धूर विरला तेव्हा डुक्कर तिच्या पुढ्यात आडवं पडलेलं होतं. तिने आधी वासंतीला हाक मारली. तिची ओ आल्यावर मग आत्या मटकन खाली बसली.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"व्हय तर! एकच गोळी व्हती."

गेल्या आठवड्यात मी, माझा भाऊ आणि वासंती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला गेलो. हवालदाराने नळी उजेडाकडे धरली. "आतून लख्ख ठेवलीय," तो भावाला म्हणाला, "वडिलांची का?"

भावाने तोंड उघडायच्या आत वासंती पुढे झाली. "आमच्या काकींची," ती म्हणाली.

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा, या वेळी जरा सावकाश, नळीतून पाहिलं.