खिशातली अर्धी गोळी

लॉन्ड्रीत ताईचा एकच कायदा होता. खिसा तपासल्याशिवाय कपडा टबात जायचा नाही म्हणजे नाही. एकवीस वर्षांत तिने लोकांच्या खिशांतून काय काय काढलं होतं! किल्ल्या, दातांची कवळी, आणि एकदा तर एका गृहस्थाच्या कोटातून घटस्फोटाची नोटीस आणि त्याच कोटाच्या दुसऱ्या खिशातून त्याच बायकोला लिहिलेलं लांबलचक माफीपत्र. सगळं जिथल्या तिथे परत. "लोकांची वस्तू आपल्याकडे ठेवायला असते," ती नव्या बायकांना सांगायची. "आली तशी परत गेली पाहिजे. डाग निघाला तर आपली हुशारी, बटण तुटलं तर आपली लाज." मालक तिच्यापेक्षा वयाने मोठा, पण तोही तिला ताईच म्हणायचा आणि तापलेल्या इस्त्रीपेक्षा तिच्या जिभेला जास्त भ्यायचा.

घरात ती आणि तिचा भाऊ, दोघंच. भाऊ शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी सगळ्या गल्लीसाठी धाकट्याच. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात असा की पंक्चरच्या दुकानाची पाटीसुद्धा लोक थांबून वाचायचे. पुढे छापील फलक आले, धाकट्याचे ब्रश डब्यात वाळत पडले, आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. चार वर्षांपूर्वी ताईने आपली एक किडनी त्याला दिली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिला तीनतीनदा विचारलं, नीट विचार केलाय ना? ताई म्हणाली, "डॉक्टर, लहानपणी यानं माझी सायकल, माझे रंग, माझ्या वाटणीचा खाऊ, सगळं न विचारता उचललं. आयुष्यात पहिल्यांदा विचारून घेतोय, घेऊ द्या."

किडनी बसली आणि कामालाही लागली. पण शरीराला ती परकीच वाटते, ते तिला हुसकून लावायला बघतं. तसं होऊ नये म्हणून सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. पहिली तीन वर्षं गोळ्या इस्पितळातून फुकट मिळाल्या. मग ती योजना संपली आणि गोळ्या ताईचा अर्धा पगार गिळायला लागल्या.

दुसऱ्याच महिन्यात धाकट्या बाजारातून हसत आला. निम्मे पैसे तिच्या हातावर ठेवत म्हणाला, "केमिस्ट ओळखीचा निघाला, ताई. त्याची पाटी मीच रंगवली होती. निम्म्या भावात देतो म्हणाला."

"बघ! कला वाया जात नाही," ताई म्हणाली आणि न पाहिलेल्या त्या केमिस्टला तिने तोंडभरून आशीर्वाद दिले.

तरी तिला स्वस्थ बसवेना. आज ओळख आहे, उद्या आटली तर? इस्पितळातल्या समाजसेविका मॅडमनी सांगितलं की गोळ्या बनवणारी कंपनीच गरजू रुग्णांना मदत देते, आणि कंपनी जे देणार नाही ते एक ट्रस्ट भरतो. फक्त अर्ज हवा, पगाराचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सहा महिन्यांची औषधाची बिलं. ताईने कंबर कसली. लॉन्ड्रीत कपड्यांना टाचतात त्या कापडी नंबरपट्ट्या तिने आणल्या आणि एकेका कागदाला सेफ्टीपिनने टाचल्या. एक ते चौदा. मॅडम बघतच राहिल्या. "इतका नीटनेटका अर्ज मी जन्मात पाहिला नाही," त्या म्हणाल्या, आणि ताई फुगून घरी आली.

पंधरा दिवसांनी नकार आला.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. जेवणाच्या सुट्टीत ऍप्रनवरच ती इस्पितळात धडकली. "एक कागद कमी असेल तर दाखवा! सातपासून बारापर्यंत बिलं आहेत. एकही इकडचं तिकडे नाही."

"कागद सगळे आहेत हो," मॅडम म्हणाल्या. चष्मा नाकावर ढकलून त्यांनी सात नंबरचं बिल तिच्यापुढे सरकवलं. "पण हे वाचा. महिन्याला साठ गोळ्या लागतात ना? इथे तीस आहेत. आठव्यावर तीस. नवव्यावरही तीसच. कमिटीचं म्हणणं, रुग्णाचं निम्म्या औषधावर भागतंय, मग पूर्ण मदत कशाला?"

"तो केमिस्ट निम्म्या भावात देतो," ताई म्हणाली खरी, पण बोलता बोलताच तिचा आवाज बसला.

"भाव पूर्णच लावलाय, ताई. गोळ्या निम्म्या आहेत."

एकवीस वर्षं नंबर बघून कपडे लावणारी बाई ती. नंबर बरोबर असला की कपडा बरोबर, ही सवय हाडीमाशी खिळलेली. तिने सहाच्या सहा बिलांना पट्ट्या टाचल्या होत्या आणि एकही बिल वाचलं नव्हतं. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की सातपासून बारापर्यंतचं एकेक बिल तिने तिथेच वाचून काढलं.

घरी आली तर धाकट्या दारात बसून उगाचच जुने ब्रश साफ करत होता. ती सरळ आत गेली. खुंटीवरचा त्याचा शर्ट काढला आणि खिशात हात घातला. चांदीच्या कागदाची एक पुडी निघाली. पुडीत अर्धी गोळी. कापलेली कड अगदी सरळ, पाटीचा कागद कापायच्या पात्याने कापावी तशी. असा सरळ हात गल्लीत एकाचाच होता.

"हे काय आहे?"

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग खाली बघत तो म्हणाला, "संध्याकाळची आहे. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी."

"सहा महिने? म्हणूनच कमिटीने अर्ज नाकारला!"

"तुझी दाढ दुखत होती, तू डॉक्टरकडे जात नव्हतीस. चपलेला तिसऱ्यांदा टाके घातलेस. मला दिसत नाही का? किडनी दिलीस ती दिलीस, आता पगारही देतेस. माणसाने घ्यायचं तरी किती?"

ताईला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. "अरे गाढवा, ती किडनी तुझी आहे असं तुला सांगितलं कोणी? माझी आहे ती! तुझ्याकडे ठेवायला दिलीय, ठेवायला! लोकांच्या वस्तू मी एकवीस वर्षं जिवापाड सांभाळल्या, आणि माझी एक वस्तू तुझ्याकडे ठेवली तर तू तिची ही दशा केलीस?"

धाकट्याने हातातला ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "आता खरं कळवलं तर ते म्हणतील, हा स्वतःच औषध बुडवतो, याला कशाला द्या?"

"म्हणू देत. मी आहे ना. आधी ही अर्धी गीळ, मग डब्यातली आणखी अर्धी गीळ, माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी मालकाकडून उचल घेऊन तिने महिन्याच्या पूर्ण गोळ्या आणल्या आणि भावाला हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं. रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन दिवसांत ताईने तीन शर्टांच्या कॉलर जाळल्या, आणि मालकाने त्यावर एकही शब्द काढला नाही.

"किडनी थोडी रुसलीय," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले, "पण वेळेत आलात. आजपासून पूर्ण गोळी. पुन्हा असली कारागिरी केलीस तर मी तुझ्या बहिणीलाच तुझ्यावर सोडेन." धाकट्या म्हणाला, सोडून झालंय. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं की खर्च झेपेना म्हणून रुग्ण निम्मी मात्रा घेत होता आणि त्यामुळे किडनीवर परिणाम झाला आहे.

मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि टेबलावर हात आपटला. "अहो, यात लपवायचं काय? गरजेचा याहून मोठा पुरावा कुठला? रुग्णाने फक्त स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून द्याव्यात."

धाकट्याने वाळलेला एक ब्रश भिजवून मऊ केला. अक्षर अजून तेच होतं. दुकानावर लावावं असं टपोरं. त्याने लिहिलं: "ही किडनी माझी नाही, बहिणीची आहे. मी ती नीट ठेवली नाही. आता ठेवायची आहे, मदत करा." ताईने त्याला पंधरा नंबरची पट्टी टाचली. या वेळी टाचण्याआधी कागद वाचला, दोनदा वाचला.

तीन आठवड्यांनी होकार आला. गोळ्यांचा मोठा वाटा कंपनीचा, उरलेला ट्रस्टचा, आणि दर वर्षी नव्याने अर्ज. "करू की दर वर्षी," ताई म्हणाली. "पट्ट्यांना काय तोटा आहे?" त्याच आठवड्यात तिने दाढ दाखवली. येताना चपलाही घेतल्या.

पहिला डबा घरी आला त्या संध्याकाळी धाकट्याने अख्खी गोळी तिच्यासमोर घेतली, वर तोंड उघडून दाखवलं. "चल, चावट," ती म्हणाली. सकाळी त्याने धुवायला शर्ट दिला तो दोन्ही खिसे उलटे बाहेर काढूनच. ताईने शर्ट हातात घेतला, खिसे आत ढकलले आणि दोन्हींत हात घालून नीट तपासले.